उकळून गार केलेलं पाणी

"भरलेली बाटली विमानात चालत नाही गं आजी. रिकामी न्यायची. मग ब्रिस्बेनला उतरल्यावर काय करू? तिथल्या नळाचं पिऊ?"

श्रिया ओट्याला टेकून उभी होती. हातात तिची रोजची स्टीलची बाटली. शकु पोळ्या लाटत होती. ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातली तीन घरं आणि एका फ्लॅटमधली शिकायला आलेली पोरं, यांच्या डब्यांच्या मिळून बुधवारच्या चाळीस पोळ्या असत. त्यातली सतरावी पोळपाटावर होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी चाळीस पोळ्या म्हणजे खांद्याची परीक्षाच. पण हात चालू असला की डोकं गप्प बसतं, हे तिला फार पूर्वी कळलं होतं.

"बाहेरचं पाणी नको पिऊ," ती सवयीनं म्हणाली.

"नाहीच पिणार. बिअर पिईन." श्रिया हसली. "बिअर सेफ असते, माहितेय? बनवताना चांगली तासभर उकळतात. तुझ्या पाण्यापेक्षा जास्त."

शकुचं लाटणं थांबलं.

"अगं, बघतेस काय अशी! लॉजिकली विचार कर ना. बाबांना जे झालं ते पाण्यानं. माझं काविळीचं इंजेक्शन झालंय, दोन्ही डोस. मला काही होत नाही. स्वीट ॲज! एकदम झकास."

शकुनं पोळी तव्यावर टाकली आणि तिथंच उभी राहिली. पोळी फुगली, बसली आणि एका बाजूनं काळी पडली.

"आजी, जळतेय."

"दिसतंय मला."

ब्रिस्बेनला दर ऑक्टोबरात जर्मन बिअरचा मोठा मेळा भरतो म्हणे. युनिव्हर्सिटीतल्या चौघी मैत्रिणींनी विमानाची स्वस्तातली तिकिटं बघून ठेवली होती. शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी दुपारी परत. शनिवार-रविवारसाठी माणूस समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात जातं, याचं शकुला हसूही येत नव्हतं. सांगलीहून मिरजेच्या मावशीकडे जायचं तरी त्यांच्या घरात दोन दिवस आधी ठरायचं.

श्रियानं त्या मेळ्यासाठी खास कपडेही आणले होते. जुन्या कपड्यांच्या दुकानातला हिरवा झालरीचा झगा, आत पांढरं फुग्याचं पोलकं, वर एप्रन. पोळ्या आटपल्यावर तिनं तो अंगावर चढवला आणि आजीसमोर गिरकी घेतली.

"कशी दिसते?"

"परकर-पोलक्यावर स्वयंपाकाचं फडकं बांधल्यासारखी."

"आजी! ही जर्मन फॅशन आहे. आणि ऐक, या एप्रनच्या गाठीला मीनिंग असतं. डावीकडे बांधली तर मुलगी सिंगल. उजवीकडे, तर ठरलेलं. आणि मागे बांधली तर विधवा."

"मग मला मागं बांध, आणि तू घरी बस. मी जाते."

श्रिया खो खो हसत सुटली आणि आजीच्या गळ्यात पडली. कंबरेत झगा सैल होत होता, तो शकुनं चार टाके घालून आत घेतला. टाके घालताना सुई दोनदा बोटात गेली. रागवावं असं काही पोरीनं केलंच नव्हतं. विचारून जात होती, कुठं जाते ते सांगून जात होती, काय पिणार तेसुद्धा सांगून जात होती. एवढा खरेपणा या घरात त्या एकटीकडेच होता.

श्रियाचे वडील, म्हणजे शकुचा एकुलता एक मुलगा संग्राम, दारूनं गेला होता. आणि श्रियाला ते ठाऊक नव्हतं.

संग्राम शिकायला म्हणून ऑकलंडला आला, डिप्लोमा झाला, सिक्युरिटीत नोकरी लागली, मागोमाग बायको आली, श्रिया झाली. नवरा, बाळासाहेब, वारल्यावर शकुही आली, नातीला सांभाळायला. श्रिया तेव्हा दोन वर्षांची होती. सांगलीत असताना जे थोडं होतं, ते इथं फार झालेलं शकुला पहिल्या आठवड्यातच दिसलं. या देशात रिकाम्या बाटल्या डब्यात घालून रस्त्यावर ठेवायच्या असतात, आणि गाडी येऊन तो डबा उलटा करते तेव्हा काचेचा आवाज चार घरं ऐकतात. शकु दर मंगळवारी बाटल्या पेपरात गुंडाळून श्रियाच्या बाबागाडीखाली ठेवायची आणि पोरीला फिरायला न्यायची. वाटेत कुणाच्या डब्यात दोन, कुणाच्या डब्यात एक. शेजारीण म्हणायची, "किया ओरा! लव्हली डे फॉर अ वॉक!" नमस्कार, आणि फिरायला छान दिवस आहे, एवढं शकुला कळायचं. ती मान डोलवायची.

श्रिया सहा वर्षांची असताना संग्राम गेला. शेवटी शेवटी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. अंत्यविधीच्या हॉलमध्ये मराठी मंडळातली माणसं जमली होती, बायका पांढऱ्या ओढण्या सावरत बसल्या होत्या, आणि तिथं, सगळ्यांच्या मधोमध, पोरीनं विचारलं, "आजी, बाबांचे डोळे पिवळे का झाले?"

सगळ्या बायकांच्या माना वळल्या.

"कावीळ झाली बाळा," शकु म्हणाली. "तिकडं सांगलीला गेलेला ना जानेवारीत. तिथलं पाणी बाधलं."

हॉलमधल्या माणसांनी सुस्कारा सोडला. बिचारा. तरणाताठा माणूस. पाण्याचं काही सांगता येत नाही हो. अशा वेळी माणसांना कारण हवं असतं, खरं नको असतं. आणि कावीळ काही अगदीच खोटी नव्हती. झालीच होती की. कशानं झाली एवढंच शकुनं बदललं.

पण खोट्याला रोज जेवायला घालावं लागतं. पोरगी शाळेतून येऊन विचारी, मग मला होईल का कावीळ? म्हणून घरात पाणी उकळायला सुरुवात झाली. ऑकलंडच्या नळाचं स्वच्छ पाणी, तेही तीन मिनिटं खळाखळा उकळून, गार करून, गाळून. तळलेलं बंद. गणपतीत मंडळाच्या जेवणात सगळी पोरं भजी खात, श्रिया वरणभात खाई आणि अभिमानानं सांगे, आमच्या फॅमिलीत लिव्हरचा प्रॉब्लेम आहे. पाचवीत असताना तिनं सगळ्या शाळेसमोर 'घाणेरडं पाणी आणि माझे बाबा' यावर भाषण केलं. टीचर रडल्या. सर्टिफिकेट मिळालं. ते फ्रीजवर चार वर्षं होतं. आणि बारावी झाल्यावर, मार्कांवर काहीही घेता आलं असतं अशी ती पोरगी म्हणाली, मी पाणी शुद्ध करण्याचं इंजिनिअरिंग करणार. आता तिसरं वर्ष होतं.

आणखीही एक हिशेब होता, तो शकु कुणाजवळ बोलली नव्हती. त्या जानेवारीत संग्राम उतरला होता तो तिच्या धाकट्या बहिणीकडे, सुरेखाकडे. सुरेखाची सांगलीत कॉलेजच्या पोरांची खाणावळ होती, वीस-बावीस ताटं असायची. ऑकलंडची बातमी सांगलीला पोचायला एक फोन पुरतो. आठ दिवसांनी सुरेखाचा फोन आला.

"अक्का, आमच्याकडचं पाणी बाधलं म्हणून सांगितलंस म्हणे?"

सुरेखानं तीन आठवडे त्याला डोळ्यांनी बघितलं होतं. रात्री त्याचे बूट तिनं काढले होते.

"बरं केलंस," सुरेखा मग म्हणाली. "मीही तेच सांगते इथं."

आणि तिनं सांगितलं. विचारेल त्याला सांगितलं, हो बाबा, आमच्याच पाण्यानं गेलं पोरगं. ज्या बाईच्या घरच्या पाण्यानं माणूस जातो, तिच्या खाणावळीत कोण जेवायला येणार? दिवाळीपर्यंत ताटं सातावर आली, पुढच्या जूनमध्ये खाणावळ बंद झाली. हे शकुला कळलं पाच वर्षांनी, भाच्याकडून, असंच बोलता बोलता. सुरेखानं एका शब्दानं सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. शकुचे गुडघे चालत नव्हते, जाता आलं नाही. गुडघे चालत असते तरी गेली असती का, कोण जाणे.

गुरुवारी सकाळी शकुनं सुनेला फोन लावला. स्नेहल गेली तीन वर्षं टौरंगा शहरात होती, किवीफ्रूट पॅक करणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात. महिन्यातून दोनदा यायची. फोनमागे कुठंतरी यंत्र घरघरत होतं.

"बोला आई. चहाची सुट्टी आहे, दहा मिनिटं."

"श्रिया तिकडं बिअर प्यायला चाललीय."

"माहितेय. मला सांगितलंय तिनं."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? वीस वर्षांची आहे. इथं अठराव्या वर्षी पितात पोरं."

"स्नेहल, तिच्या रक्तात आहे ते. तिला ठाऊकच नाही. ती म्हणते, बिअर उकळलेली असते."

पलीकडे यंत्राचा आवाज मागे पडला, स्नेहल बाजूला आली असावी.

"आई, मी तेव्हाच म्हणत होते, खरं सांगू. आठवतंय? तुम्ही माझे पाय धरलेत."

आठवत होतं. सासूनं सुनेचे पाय धरले होते, हॉलच्या मागच्या पँट्रीत, कागदी कपांच्या खोक्यांमध्ये.

"तूच सांग आता. तू आई आहेस तिची."

"नाही. ती कावीळ तुम्ही आणलीत घरात, तुम्हीच बाहेर काढा." मग स्नेहलचा आवाज उतरला. "आणि मी सांगितलं ना, तर ती माझ्याशी वर्षभर बोलणार नाही. तुमच्यावर तिला फार वेळ रागावता येत नाही. जाते मी, बेल झाली."

शकु फोन हातात धरून बसून राहिली. थकवा म्हणजे काय हे तिला पोळ्यांनी कधी कळलं नव्हतं. ते असं बसल्या जागी कळायचं.

गुरुवार तसाच गेला. संध्याकाळी तोंडापर्यंत शब्द आले तेव्हा श्रिया कानात गाण्याचं यंत्र घालून कपड्यांच्या घड्या करत होती. शकुनं शब्द गिळले आणि घड्या करू लागली.

शुक्रवारी अकरा वाजता बॅग दाराशी उभी होती. एक वाजता देवयानी, बॉटनी डाउन्स भागात राहणारी तिची मैत्रीण, गाडी घेऊन यायची होती. श्रिया जेवायला बसली. दोडक्याची भाजी, आमटी, भात. शकु वाढता वाढता एकदम खुर्चीत बसली.

"काय झालं?"

"गरगरतंय मला."

हे ती ठरवून बोलली नव्हती. तोंडातून गेलं. श्रियाचं ताट सरकलं, खुर्ची मागे पडली. पोरगी गुडघ्यांवर आली, आजीची नाडी बघू लागली, कपाळाला हात लावू लागली. डाव्या हातानं फोन काढला.

"पाणी देऊ? आडवी होतेस? थांब, मी हेल्पलाइनला विचारते. आणि देवयानीला सांगते, मी येत नाही."

"नाही येत?"

"तुला असं टाकून जाऊ होय? वेडी का तू."

तिच्या चेहऱ्यावर नावालाही नाराजी नव्हती. महिनाभर ज्या दोन दिवसांचे बेत चालले होते ते तिनं एका सेकंदात खाली ठेवले होते. शकुला तो चेहरा ओळखीचा वाटला. संग्राम मोरीत धडपडला, जिन्यात पडला, की ती स्वतः अशीच धावायची, हातातलं सगळं टाकून, काही न विचारता. तोच चेहरा आता वीस वर्षांच्या पोरीला आला होता.

"फोन ठेव खाली," शकु म्हणाली.

"एक मिनिट, रिंग जातेय."

"ठेव म्हणते ना! मला काही झालेलं नाही."

श्रियानं फोन खाली घेतला. "म्हणजे?"

"म्हणजे बरी आहे मी. खोटं बोलले."

"का?"

"सवय आहे."

श्रिया टाचांवर मागे बसली. हसावं की चिडावं ते तिला कळत नव्हतं. शकुनं पदरानं तोंड पुसलं, आणि आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही म्हणून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलली.

"तुझ्या बाबांना कावीळ झाली ती पाण्यानं नाही. दारूनं झाली."

आमटीवर साय धरायला लागली होती.

"किती?" श्रियानं विचारलं.

"काय किती?"

"किती प्यायचे?"

इंजिनिअरिंगची पोरगी, तिला आकडा हवा होता. "मोजायचं मी सोडून दिलं होतं बाळा. बाटल्या मोजायचे फक्त. मंगळवारी." आणि मग शकुनं तेही सांगितलं. पेपर, बाबागाडी, लोकांचे डबे.

"त्यात मी बसलेले असायचे?"

"हो."

"मला आठवतं ते. टुणटुण वाजायचं. मला वाटायचं गाडीला घंटा आहे."

शकुला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत हे कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"मी भाषण केलंय, आजी." श्रियाचा आवाज आता वर चढला. "अख्ख्या शाळेसमोर. सुरेखाआजीचं नाव घेऊन! आमच्या मावशीआजीच्या घरचं पाणी पिऊन माझे बाबा वारले, असं! त्यांना माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि त्या गप्प बसल्या?"

"माझ्यासाठी."

"ओ माय गॉड." ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "मी डिग्री घेतेय ती! ॲडमिशनच्या निबंधात लिहिलंय मी. माय फादर. फर्स्ट लाइन. तू बघितलास ना तो निबंध? मी वाचून दाखवला होता तुला. तू रडलीस!"

"रडले."

"मला वाटलं बाबांसाठी रडतेस."

शकुनं उठून पडलेली खुर्ची सरळ केली.

"आणि आज का सांगतेस? मी जाऊ नये म्हणून?"

ते खरं होतं का, हे शकुनं मनाशी नीट बघितलं. इतकं कबूल केल्यावर आता आणखी एक खोटं घालायला जागाच उरली नव्हती.

"बुधवारपासून तेच मनात होतं. गरगरलं तेही त्यासाठीच. पण आत्ता नाही. जा तू. फक्त काय पितेस ते माहीत असून पी. तुझ्या आजोबांचा भाऊ, तुझे बाबा, दोघं त्यानंच गेले. तुला लस आहे असं समजून जाऊ नको."

बाहेर हॉर्न वाजला. देवयानी वीस मिनिटं लवकर आली होती. श्रियानं तोंड धुतलं, बॅग उचलली. एरवी चौकात भाजी आणायला निघाली तरी वाकून नमस्कार करणारी पोरगी, उंबऱ्याशी क्षणभर थांबली आणि तशीच निघून गेली. गाडीचं दार लागलं. ओट्यावर तिची बाटली राहिली होती. ती काही विसरलेली नव्हती, हे शकुला कळलं.

शनिवारी फोन आला नाही. मेसेजही नाही. पोहोचले, एवढं शुक्रवारी स्नेहलला कळवलं होतं तिनं, ते स्नेहलनं शकुला कळवलं.

"सांगितलंत?" स्नेहलनं विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"किती, म्हणाली."

स्नेहल रडतेय हे शकुला जरा वेळानं समजलं. चौदा वर्षांत दोघी एकमेकींजवळ त्याच्यासाठी रडल्या नव्हत्या. काविळीनं गेलेल्या माणसासाठी दोघी चारचौघांत रडल्या होत्या, पण तो माणूस वेगळा होता. या माणसासाठी रडायची चोरी होती.

"आई, तो चांगला होता हो," स्नेहल म्हणाली.

"होता गं. चांगला होता म्हणूनच तर."

शनिवारी शकुनं पोळ्या केल्या, डबे दिले, उरलेला दिवस खिडकीशी बसून काढला. तिच्या मनात एकच चित्र येत होतं. लांबच लांब बाकं, गाणारी माणसं, आणि रागावलेली पोरगी. रागावलेला माणूस कसा पितो हे तिला चांगलं ठाऊक होतं. न सांगता गेली असती तर निदान आनंदात प्यायली असती.

रविवारी सकाळी तिनं धुतलेली सुती साडी नेसली, बसचं कार्ड घेतलं आणि एकटी निघाली. विमानतळावर ती एकटी कधीच गेली नव्हती. ओनेहंगाला बस बदलायची, हे तिनं कागदावर मराठीत लिहून घेतलं होतं. विमान तीनला उतरणार होतं. ती दुपारी एक वाजताच येऊन बसली, माणसं बाहेर पडतात त्या दारासमोर, एका खांबाशेजारी.

साडेतीनला चौघी पोरी बाहेर आल्या. तिघींच्या डोक्यावर पिसं लावलेल्या हिरव्या टोप्या होत्या. श्रिया मागून येत होती. आजी दिसताच ती थबकली.

"तू इथं कशी आलीस?"

"बसनं."

"एकटी? चेंज करून?"

"ओनेहंगाला."

देवयानीनं, "हाय आजी! चला ना, माझे बाबा आलेत गाडी घेऊन, सोडतो," असं म्हटलं. श्रियानं आजीकडे बघितलं. "नको, थँक्स. आम्ही बसनं जातो."

बसच्या थांब्यावर दोघीच होत्या. वारा होता. श्रियानं बॅग आडवी टाकली, आजीला तिच्यावर पाय टेकवायला लावले आणि शेजारी बसली. दोघी समोरच्या गाड्यांकडे बघत राहिल्या.

"दोन दिवस तुला फोन नाही केला मी," श्रिया म्हणाली.

"चालायचंच."

"मी मुद्दाम नाही केला."

"ते कळलं की मला."

वाऱ्याची झुळूक श्रियाच्या अंगावरून आली आणि शकुनं श्वास आत ओढला. तिला स्वतःलाही कळलं नाही. सांगलीत अकरा वर्षं आणि इथं चार, संग्राम दारात आला की ती असाच श्वास घ्यायची. हसऱ्या तोंडानं, पायपुसणं सरळ करायच्या निमित्तानं जवळ जाऊन. श्रियाच्या जाकिटाला तोच आंबूस वास होता.

श्रियानं ते बघितलं. तिनं बाही नाकाजवळ नेली.

"येतोय ना वास? एका मुलानं सांडली माझ्यावर. बसूनच गाणी म्हणत होता आणि तसाच पडला." ती थांबली. "मीही घेतली. एकच घेतला ग्लास, आजी."

एकच.

संग्रामही बूट काढताना हेच म्हणायचा. एकच घेतला गं आई. आणि शकु म्हणायची, बरं, आणि आमटी गरम करायला वळायची. पंधरा वर्षांत तिनं त्यापुढं एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं म्हणून तो थांबला असता, असं काही नाही. तशी भाबडी ती नव्हती. पण तो दारात उभा राहायचा थोडा वेळ, ती वळल्यावरही उभा असायचा, हे तिला ठाऊक होतं. आमटी ढवळताना पाठीला कळायचं.

तिच्या जिभेवर तोच शब्द आला. बरं. तो तिनं मागे सारला.

"दुसरा का नाही घेतलास?"

श्रियानं चमकून तिच्याकडे पाहिलं. असा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती नखानं जाकिटाची चेन वरखाली करत राहिली.

"घ्यायचा होता," ती म्हणाली. "खरं सांगू? दोन घ्यायचे, चार घ्यायचे, असं ठरवूनच गेले होते. तुझ्यावर इतका राग होता. पण पहिला संपला ना, तर एकदम... सगळं हलकं झालं. राग नाही, काही नाही. सगळे गात होते, मीही गात होते, शब्द येत नव्हते तरी. इतकं छान वाटलं, आजी. आणि मग मला भीतीच वाटली."

"कसली?"

"आवडल्याची."

शकुनं तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"मग मी बाहेर जाऊन बसले. तासभर. देवयानी येऊन विचारून गेली, यू ओके? मी म्हटलं, हीप्स बेटर, खूप बरंय आता. विचार करत होते, बाबांना पहिल्यांदा असंच वाटलं असेल का. कुणाला सांगितलं असेल का त्यांनी."

"मला नाही सांगितलं," शकु म्हणाली. "मी विचारलंच नाही कधी."

श्रिया काही बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात बस आली. दार फुस्स करून उघडलं. ड्रायव्हरनं एकदा म्हातारीकडे, एकदा आडव्या बॅगेकडे बघितलं.

"कमिंग, लेडीज?"

शकुनं नातीचा हात सोडला नाही. दुसरा हात उचलून तिनं त्याला पुढं जा म्हणून खूण केली. दार लागलं, बस निघून गेली. पुढची वीस मिनिटांनी होती.

"हं," शकु म्हणाली. "सांग. मग काय केलंस?"